पांढरे ठिपके

“ऐकलंत?” बाईंनी विचारलं आणि मी “हो” म्हणालो. पुलाच्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. पुढे सिमेंटच्या गोण्यांचा ट्रक रखडत चालला होता. त्याला मागे टाकायचं म्हणून बाईंनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडीनं एक ठोका गाळला. गाळला असणार. मला कळलं ते एवढंच की छातीवरचा पट्टा किंचित आवळला आणि समोरून येणारी बस एकदम मोठी झाली. बाई मुकाट्यानं परत ट्रकच्या मागे आल्या. “कितवा?” त्यांनी विचारलं. शाळेत गणित शिकवायच्या तेव्हाही त्या अशाच, एक उत्तर मिळालं की लगेच पुढचा प्रश्न. “तिसरा,” मी म्हणालो. सहा सिलेंडरचं इंजिन, तेव्हा एक ते सहामधला कुठलातरी आकडा सांगायचा होता, तो मी सांगितला. बाईंनी समाधानानं मान हलवली. “म्हणूनच तुमच्याकडे येते मी. बाकीचे आधी अर्धं इंजिन खोलतात आणि मग डोकं खाजवतात.” गाडीचं छप्पर उघडं होतं, ऊन डोक्यावर होतं, आणि मला घाम फुटला तो उन्हाचा आहे असं समजून त्यांनी स्वतःची टोपी काढून मला दिली. मी ती घातलीसुद्धा. लेडीज टोपी घालून गॅरेजपर्यंत आलो, इतकं माझं भान सुटलेलं होतं, कारण मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

धंद्यात मला ‘कान’ म्हणतात. तोंडावर मिस्त्री, पाठीमागे कान. “कानाकडे ने,” असं लोक एकमेकांना सांगतात. लांबच्या गावाहून माणसं फोन करतात आणि फोन बॉनेटखाली धरून गाडी चालू करतात, मी इकडून सांगतो की व्हॉल्व्ह सैल आहे किंवा पट्टा सुकलाय. निदान सांगायचो. बायको म्हणते, “जगाचं सगळं ऐकू येतं, फक्त घरातलंच येत नाही.” हे ती गेली तीस वर्षं म्हणतेय, त्यामुळे जेव्हा खरंच येईनासं झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही. नवऱ्यानं ऐकलं नाही यात नवल ते काय! सुरुवात घड्याळापासून झाली. बैठकीच्या खोलीतलं घड्याळ बंद पडलं म्हणून मी खुर्चीवर चढून ते काढायला गेलो, तर सेकंदकाटा व्यवस्थित पळत होता. खाली उतरलो आणि खुर्चीवर बसून राहिलो. मग अंगठा आणि बोट कानाजवळ एकमेकांवर घासून पाहिलं. उजवीकडे वाळूवरून कुणी लांब चालल्यासारखं काहीतरी, डावीकडे काहीच नाही. डॉक्टरकडे गेलो नाही. डॉक्टर काय सांगेल ते मला ठाऊक होतं, आणि एकदा त्यानं सांगितलं की ते खरं झालं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. जाड आवाज येत होते, इंजिनाची घरघर, ट्रक, माणसांचं बोलणं. तोंडाकडे पाहिलं की बरंच भागायचं. गेले ते बारीक आवाज. टिकटिक, सूं सूं, धातूवर धातूची नखाएवढी खरखर. म्हणजे माझा सगळा धंदाच.

मंगळवारी बाईंनी गाडी ठेवली आणि गुरुवारी चारला येते म्हणाल्या. शुक्रवारी त्यांना घाट उतरून लेकीच्या गावी जायचं होतं, नातीला सुट्टीसाठी आणायला. गाडी त्यांच्या यजमानांची. चाळीस वर्षांची, दोनच माणसांची, एकेकाळी लाल असलेली आणि आता कौलाच्या रंगावर आलेली. यजमान होते तोवर त्यांनी बाईंना शेजारच्या सीटवरून कधी हलू दिलं नाही. ते गेल्यावर एकसष्टाव्या वर्षी बाई गाडी शिकल्या आणि आता शहरातल्या रिक्षावाल्यांना कट मारतात. “नात म्हणते, आजी, मी पुढे बसणार,” त्या हसत म्हणाल्या होत्या. “मी म्हटलं, बाळा, या गाडीला मागे नाहीच.” मी पण हसलो होतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो घाट माझ्या डोळ्यांसमोर आला. वळणावळणाचा, एका बाजूला कडा आणि समोरून उतरणारे ट्रक. पुढच्या ट्रकला मागे टाकायला उजवीकडे यायचं, पाय दाबायचा, आणि त्या क्षणी गाडीनं ठोका गाळायचा. मंगळवारी त्या सीटवर मी होतो. शुक्रवारी घाट चढून परतताना तिथं आठ वर्षांची मुलगी असेल.

आणि मला उस्ताद आठवले. आठवले म्हणजे काय, विसरलो कधी होतो! मला या धंद्यात त्यांनी आणलं. कानानं गाडी बघायची ही विद्या त्यांचीच. ते डोळे मिटून इंजिनावर वाकायचे तेव्हा आम्ही तिघे कामगार श्वास रोखून उभे राहायचो. शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्यांना ऐकू येत नव्हतं. आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं, पण एकानंही ते तोंडावर आणलं नाही. ते वाकायचे, डोळे मिटायचे, “हं, ठीक आहे,” म्हणायचे, आणि आम्ही गाडी बाहेर काढायचो. एकदा एक स्टेशन वॅगन आली होती. तिच्या इंजिनात बारीक टिकटिक होती, प्लगची वायर कुठंतरी ठिणगी सांडत होती. मला ती स्वच्छ ऐकू येत होती. उस्तादांनी “हं, ठीक आहे” म्हटलं. मी पुसायचं फडकं हातात घेऊन उभा होतो. मालक गाडीत बसला, शेजारी त्याची बायको बसली, तिच्या मांडीवर टोपली होती. मी गेट उघडलं. त्याच संध्याकाळी बातमी आली. चढावर ट्रकला मागे टाकताना गाडीनं दम सोडला. मालक वाचला. उस्ताद फळकुटावर बसले होते, त्यांनी मला जवळ बोलावलं. “तुला काही ऐकू आलं होतं का रे?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “नाही.” त्यांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून म्हणालो, अशी मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. तेव्हा ऐकू आलं होतं आणि मी नाही म्हणालो, मंगळवारी आलं नव्हतं आणि मी हो म्हणालो. माणूस पन्नास वर्षं धंदा करतो आणि एवढाच सुधारतो.

बुधवारी मी बॉनेट उघडलं आणि तिसऱ्या सिलेंडरचा प्लग बदलला, वायर बदलली. खोटं बोललेलं खरं करायची धडपड, दुसरं काय. इंजिन चालू केलं. घरघर जाड, एकसारखी, कांबळ्यातून आल्यासारखी. मग एकेका प्लगची वायर रबरी पकडीनं उपसून पाहिली. ही जुनी परीक्षा आहे. चालत्या इंजिनाच्या एका सिलेंडरची वायर काढायची. इंजिन लंगडलं तर ते सिलेंडर कामाचं. वायर काढूनही इंजिनाला काही फरक पडला नाही, तर ते मेलेलं. सहाच्या सहा वायरींना इंजिन लंगडलं. म्हणजे उभ्या गाडीत सहाही जिवंत. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरला, तो एकसारखा फडफडला. रोग चढावर दिसणारा होता, ओझं पडलं की. तो ओळखायला कान लागतात, आणि ते मी कुठंतरी ठेवून विसरून आलो होतो.

माझी मुलगी समोरच्या टेबलावर काम करत होती, माझ्याकडे पाठ करून. छत्तीस वर्षांची आहे, दोन गल्ल्या पलीकडे राहते, गेली बारा वर्षं माझ्याबरोबर गॅरेजमध्ये आहे. तिचे खांदे हलत होते. गुणगुणत होती की हसत होती की नुसता स्क्रू पिळत होती, मला कळेना. पूर्वी मला तिच्या गुणगुणण्यावरून काम कुठवर आलंय ते समजायचं. मी इंजिनाचा वेग वाढवला आणि तिच्या पाठीकडे बघत राहिलो. काही चुकीचं ऐकलं असतं तर पाठ थबकली असती. पाठ थबकली नाही. की थबकली आणि मला दिसलं नाही? माझ्या मनात तेव्हा एक भयंकर विचार आला, की हिला सगळं ठाऊक आहे आणि ही फडकं हातात घेऊन उभी आहे. मी इंजिन बंद केलं. “चहा?” असं काहीतरी तिनं विचारलं असावं. मी मान हलवली, आणि पाच मिनिटांनी तिनं माझ्या हातात छत्री आणून दिली. बाहेर ऊन होतं. छत्री घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.

आमच्याकडे एक पद्धत आहे, तीही उस्तादांचीच. नट शेवटचा आवळून झाला, वायर बसवून झाली, की त्यावर रंगाचा बारीक ठिपका द्यायचा, म्हणजे हे काम पुरं झालं आणि कुणी केलं ते कळतं. ठिपका दिला की जबाबदारी तुमची. माझा रंग पांढरा, मुलीचा पिवळा. गुरुवारी दुपारी मुलगी सामान आणायला गेली होती. मी तिसऱ्यांदा बाईंच्या गाडीचं बॉनेट उघडलं. तीन आठवड्यांपूर्वी गाडीची सर्व्हिसिंग मीच केली होती, मुलगी तेव्हा आठ दिवस नव्हती, तिच्या सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. सगळीकडे माझे पांढरे ठिपके. डोकं चालेना म्हणून मी मागे सरलो आणि शेजारच्या टॅक्सीच्या उघड्या इंजिनावर हात टेकला. ती टॅक्सी मी काल पुरी केली होती, संध्याकाळी मालक नेणार होता. हाताखाली प्लगवर माझा पांढरा ठिपका होता आणि त्याला चिकटून एक पिवळा.

मला आधी वाटलं, रंग सांडला असेल. पुढच्या प्लगवर तेच. चारही प्लगांवर, कार्ब्युरेटरच्या नटांवर, पट्ट्याच्या बोल्टवर, जिथं जिथं पांढरा तिथं शेजारी पिवळा. मी पलीकडच्या व्हॅनचं बॉनेट उघडलं. ती मी सोमवारी पुरी केली होती. तेच. भिंतीकडे एक जुनी जीप होती, गेल्या हिवाळ्यात माझ्या हातून गेलेली आणि आता दुसऱ्याच कामाला परत आलेली. तिच्या नटांवर तेल चढलं होतं, मी बोटानं पुसलं. पांढरा, पिवळा. पांढरा, पिवळा. मी जीपच्या बंपरवर बसलो. हिवाळ्यापासून माझ्या मागून मुलगी प्रत्येक गाडी पुन्हा उघडत होती, ऐकत होती, आवळत होती, ठिपका देत होती. गाड्या ठणठणीत जात होत्या, लोक कानाची वाहवा करत होते, आणि मी ती खाली मान घालून घेत होतो. हिवाळ्यापासून मला काढून ठेवलं असतं तरी गॅरेजला काही फरक पडला नसता. हे मला स्वच्छ दिसलं, पण खरी भीती ती नव्हती. खरी भीती समोर उभी होती, कौलाच्या रंगाची. सगळ्या गॅरेजमध्ये ती एकच गाडी होती जिच्यावर पिवळा ठिपका नव्हता. आणि घड्याळात अडीच वाजले होते.

मुलगी आली तेव्हा मी तिथंच बसलो होतो, चारही बॉनेटं उघडी टाकून. तिनं सामानाची पिशवी खाली ठेवली आणि बॉनेटांकडे पाहिलं. मग माझ्या समोर येऊन उभी राहिली, उजव्या बाजूला, उजेडात, तोंड दिसेल असं. ती गेले कित्येक महिने अशीच उभी राहते हेही मला तेव्हाच कळलं.

“शटर ओढ,” मी म्हणालो. “पाण्याचा फवारा आण. बाईंच्या गाडीवर.”

तिनं एक शब्द न विचारता शटर ओढलं, दिवे बंद केले. गॅरेजमध्ये दुपारचा अंधार झाला. मी इंजिन चालू केलं. तिनं कुंड्यांना मारायच्या फवाऱ्यानं वायरींवर धुक्यासारखं पाणी सोडलं, म्हणजे कुठं वीज गळत असेल तर अंधारात दिसेल, आणि आम्ही दोघं वाकलो. पाचव्या सिलेंडरच्या वायरीजवळ, पत्र्याच्या पट्टीपाशी, निळी ठिणगी उडत होती. टाचणीच्या डोक्याएवढी. वायर पट्टीखाली चिमटली होती, वरचं रबर कापलं गेलं होतं, आणि प्लगपर्यंत जायची वीज वाटेतच पत्र्यात पळत होती. गाडी उभी असताना थोडी, चढावर सगळी. त्या पट्टीच्या स्क्रूवर माझा पांढरा ठिपका होता, नीट, गोल, मध्यावर दिलेला.

“आवाज येतोय?” मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. निळ्या ठिणगीत तिचा चेहरा दिसत होता आणि जात होता. “येतोय,” ती म्हणाली. “टिक टिक. चांगला मोठा आहे, बाबा.”

“मला येत नाही.”

हे मी पहिल्यांदा तोंडानं बोललो. तिनं हात लांब करून इंजिन बंद केलं आणि शटर अर्धं वर केलं. “माहितीये,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?” मी ओरडलोच तिच्यावर. चोराच्या उलट्या बोंबा. “हिवाळ्यापासून? एवढे महिने?”

“तुम्हीच सांगितलं होतं ना!” तीही चिडली, डोळ्यांत पाणी आणून चिडली. “लहानपणापासून ऐकतेय मी. उस्तादांना शेवटी ऐकू येत नव्हतं, पण आम्ही कधी तोंडावर आणलं नाही, याला म्हणतात आदर. दर वेळी सांगता. पाहुणे आले की सांगता. मी काय वेगळं केलं? वर तुमची कामं तपासत बसले, माझं घर सोडून! सासूबाईंच्या वेळेला आठ दिवस झोपले नाही मी, इथं काय होत असेल म्हणून. आल्यावर सगळ्या गाड्या बघितल्या. ही तेवढी आधीच गेली होती.”

मी सांगत आलो होतो हे खरं. ती गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली होती की तिला छान चकाकी आली होती. गेट उघडेपर्यंतचीच सांगायचो. स्टेशन वॅगन गेटाबाहेर पडली की माझी गोष्ट संपायची. मी तिला खाली बसवलं आणि गेटाबाहेरचं सांगितलं. टोपली सांगितली. उस्तादांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते सांगितलं. सांगताना मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं, त्यामुळे ती मध्ये काही बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही. संपल्यावर पाहिलं तर ती उठून गेली होती आणि पाचव्याची चिमटलेली वायर उपसत होती. नवी वायर तिनं बसवली, पट्टी वाकवून दूर घेतली, स्क्रू आवळला. रंगाची बाटली उघडली आणि पुन्हा बंद केली. “आधी चढावर नेऊन आणते,” ती म्हणाली. “मग ठिपका.”

पण ती गाडी बाहेर काढायच्या आतच, चारला पाच मिनिटं कमी असताना, बाई आल्या. हातात नातीसाठी आणलेली छोटी टोपी होती, लाल, गाडीच्या पूर्वीच्या रंगाची. “झाला का तुमचा तिसरा?” त्यांनी विचारलं. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. झाला म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं, वायर बदलली होती, ठिणगी गेली होती.

“बाई, तिसरा नव्हता,” मी म्हणालो. “पाचवा होता. माझ्याच हातून वायर चिमटली होती. आणि परवा पुलावर मला काही ऐकू आलं नव्हतं. मला ऐकू येत नाही.”

बाईंच्या तोंडावरचं हसू जायला वेळ लागला. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, जणू तीच सगळं समजावून सांगेल. मग माझ्याकडे. “मग ‘हो’ का म्हणालात?” त्यांनी विचारलं. “मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही ‘हो’ म्हणालात. मी घरी जाऊन लेकीला फोन केला, म्हटलं काळजी करू नको, मिस्त्रींनी ऐकलंय.” त्यांचा आवाज चढला होता, म्हणून मला एकूणएक शब्द कळत होता. “त्या सीटवर मी माझी नात बसवणार होते!” त्यांनी ती टोपी पर्समध्ये कोंबली. मला वाटलं, आता त्या किल्ली हिसकावून घेतील आणि चालायला लागतील, आणि त्यांचं चुकलं नसतं. पण त्यांनी मुलीला विचारलं, “तुला ऐकू येतं ना?” मुलगी म्हणाली, “येतं, बाई.” “मग बस शेजारी. पुलावर जाऊन येऊ.” गाडीत दोनच सीटा होत्या.

मी फुटपाथवर उभा राहिलो. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली. पूर्वी दिसेनाशी झाल्यावरही ती मला पुलाच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिली असती, प्रत्येक गिअरसकट. आता कोपऱ्यावर भिंत होती आणि भिंतीपलीकडे काही नव्हतं. मी घड्याळाकडे बघत होतो. पुलावर जायला चार मिनिटं, यायला चार, सिग्नलची दोन. दहा मिनिटं झाली. बारा झाली. आता तिथं माझी मुलगी बसलेली होती. एखादा ट्रक असेल, बाई रागात आहेत, पाय जोरात दाबतील. पट्टीनं दुसरीही वायर कापली असेल तर? दुसऱ्या कुठल्या तरी नीट, गोल, पांढऱ्या ठिपक्याखाली आणखी काही असेल तर? स्टेशन वॅगनच्या वेळी उस्ताद असेच फळकुटावर बसून राहिले असतील, आणि आम्ही तिघे त्यांच्याकडे पाठ करून कामं करत होतो. मला एकदम त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. चौदा मिनिटं झाली.

गाडी दिसली ती एकदम जवळच. कोपऱ्यावरून वळून माझ्यासमोर येऊन थांबली, इंजिन चालूच होतं. बाई समोर बघत होत्या, त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मागे एक बस हॉर्न वाजवत होती. मुलीनं माझ्याकडे वळून काहीतरी सांगितलं, दोन-तीन शब्द. तोंडाच्या हालचालीवरून ते चांगलंही असू शकलं असतं आणि वाईटही. माझी मान आपोआप हलायला लागली होती. हं, ठीक आहे. सवयच ती. मी तिला मध्येच थांबवलं.

“ऐकू नाही आलं,” मी म्हणालो. रस्त्यावर, बाईंसमोर, बसवाल्यासमोर, मोठ्यानं. “परत सांग.”

बाईंनी हात पुढे करून इंजिन बंद केलं. मुलगी दार उघडून उतरली, फिरून माझ्या उजव्या बाजूला आली आणि माझा दंड धरून तोंड कानाजवळ आणलं.

“पाचवा नीट चालतोय,” ती म्हणाली. “पण दुसरा मध्येच ठोका गाळतोय, बाबा. मी ऐकलंय. गाडी उद्या जाणार नाही.”

बाई गाडीतून उतरल्या. त्यांनी किल्ली माझ्या हातावर नाही, मुलीच्या हातावर ठेवली. मी आत गेलो, दुसऱ्या सिलेंडरजवळचा माझा ठिपका नखानं खरवडून काढला आणि दिवा धरून उभा राहिलो, तिला दिसेल असा.